ठेवणीतला चिमटा

कट्!

टिकटिकच्या बुटाखाली काहीतरी मोडलं आणि प्रयोगशाळेच्या जिन्याच्या खालच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, थांबा! पाय उचला... पण पुन्हा खाली ठेवू नका!"

"मग काय हवेत ठेवू?" कठडा धरून एका पायावर उभी राहत ती म्हणाली.

खाली एक उंच तरुण गुडघ्यांवर बसून पायऱ्यांवर सांडलेलं काहीतरी वेचत होता. त्याच्या हातातल्या खोक्याचा तळ फाटून लोंबत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत माती, आणि कानामागे एक हिरवं पान अडकलेलं. त्या पानाचा त्याला पत्ताच नव्हता. टिकटिक वाकली, बुटाखालचा तुकडा तिनं उचलला आणि तिचा चेहराच उतरला. नखाएवढा, दुधी रंगाचा चिमटा. हा कुणी बनवला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हे ज्यांनी बनवलेत ना," तो वेचता वेचता म्हणाला, "त्यांना एकदा डोळे भरून बघायचंय मला."

"का हो?"

"कलम बांधायला घ्यावा, जरा दाबून उघडावा, की कट्! बनवणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी उघडून बघितलाय का, एवढंच विचारायचंय."

"मग बघून घ्या," ती म्हणाली. "डोळे भरून. तुमचा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा त्रास वाचला."

त्यानं वर बघितलं. आधी कान लाल झाले, मग गाल. मूठभर मोडके चिमटे त्याच्या हातातून पुन्हा सांडले.

"आणि कानामागे पान आहे तुमच्या," टिकटिक म्हणाली.

टिकटिक हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून हिला कशाचीच वाट बघवत नसे. झाकण उचलून उचलून भात कच्चा ठेवायची, बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघायची. म्हणून ताईनं हे नाव ठेवलं आणि ते तिच्या अंगाला चिकटलं. ताईनं एकदा प्रयोगशाळेत फोन करून "टिकटिक आहे का?" असं विचारलं, तेव्हापासून तिथेही तेच सुरू झालं. लग्नाच्या बाबतीतही बाईंची हीच तऱ्हा. आई हौसेनं कुणाकुणाशी गाठ घालून द्यायची आणि कॉफीचा कप अर्धा व्हायच्या आत टिकटिकचा निकाल लागलेला असायचा. नापास!

काम मात्र तिला मनासारखं मिळालं होतं. मातीत विरून जाणारं प्लास्टिक बनवायचं. तेही एक प्रकारचं पॉलिएस्टरच, पण जिवाणूंच्या पोटातून निघालेलं. आपण अंगावर चरबी साठवतो तसं ते हे साठवतात. ते वितळवून साच्यात दाबलं की थंड होताना त्यात स्फटिक धरू लागतात आणि ते कसे धरतात यावर वस्तू चिवट होणार की ठिसूळ, हे ठरतं. त्या स्फटिकांना वळण लावण्यासाठी चिमूटभर काय मिसळायचं, ते शोधणं हा टिकटिकचा उद्योग. कलमाचा चिमटा ही तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः घडवलेली पहिली वस्तू. खुंटावर दुसऱ्या रोपाची काडी बसवली की जोड धरेपर्यंत त्यानं दोघांना घट्ट धरून ठेवायचं आणि काम झालं की मातीत पडून नाहीसं व्हायचं. रोपवाटिकांत साध्या प्लास्टिकच्या चिमट्यांचा नुसता खच पडतो, तो पडू नये म्हणून हा खटाटोप.

तिनं त्या तरुणाला जवळजवळ ओढतच वर नेलं. साच्यातून नुकताच निघालेला, अजून कोमट असलेला चिमटा यंत्रात लावला. यंत्र तो उघडत मिटत राहिलं. चिमट्याला काही झालं नाही.

"बघितलंत? प्रत्येक खेप मी त्याच दिवशी अशी तपासते. गरम गरम!"

"गरम गरम," तो हळूच म्हणाला. त्यानं खोक्यातला एक घेतला आणि दोन बोटांनी दाबला. कट्.

टिकटिकनं ते दोन तुकडे उलटसुलट करून बघितले.

"मग तुम्ही वापरताना काहीतरी गडबड करताय," टिकटिकनं निकाल देऊन टाकला.

"असेलही. येऊन बघा की," तो म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. रागावलेल्या माणसाला टिकटिक सहज निपटून काढत असे.

तो गेल्यावर साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, बोलणं तुटक, मन वाईट नाही. "रोपवाटिकेनं हात वर केले तर चिमट्याचं काम बंद. मग तुला द्यायला माझ्याकडे काम नाही. ती दुसऱ्या शहरातली रंगाची कंपनी बोलावतेय ना तुला? महिनाअखेरपर्यंत त्यांना थांबव. तोवर काय ते बघ."

रंगाची कंपनी! पगार चांगला, काम कंटाळवाणं. पण त्या क्षणी तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते कानामागचं पान होतं, आणि आपल्याला ते का आठवतंय म्हणून ती स्वतःवरच वैतागली होती.

रोपवाटिका गावाबाहेर होती आणि त्या तरुणाच्या आत्याची होती. आत्या काचघराच्या दारातच भेटल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. "या क्लिपवाल्या मॅडम! आमचा कलमवाला आल्यापासून तुमच्याबद्दलच बोलतोय."

"आत्या!" आतून आवाज आला.

"चिमट्यांबद्दल रे," आत्या म्हणाल्या आणि टिकटिककडे बघून त्यांनी एक भुवई उडवली.

आत छपराखालच्या नळ्यांतून धुक्यासारखे बारीक तुषार सुटत होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत ही भुरभुर! टिकटिकच्या पापण्यांवर थेंब जमले. कलमवाला टोमॅटोची रोपं घेऊन बसला होता. रानवांग्याचं रोप त्यानं तिरकं कापलं, टोमॅटोचा कोवळा शेंडा तसाच तिरका कापला, एकावर एक टेकवले आणि चिमटा लावला. सगळं एका श्वासात. मोठाले हात, पण पात्याची हालचाल अशी अलगद की ती बघतच राहिली.

"आता तुम्ही," त्यानं पातं तिच्या हातात दिलं.

तिचं कलम वाकडं झालं. दुसरं बरं झालं. थोडा वेळ गेला असेल नसेल, तिनं चिमटा काढून आत डोकावून बघितलं.

"अहो, काय करताय?"

"जोड धरला का ते बघतेय."

तो इतका हसला की त्याला पातं खाली ठेवावं लागलं. "आत्ता तर कापलंय! अंधाऱ्या खोलीत दमट हवेत आठवडाभर निवांत ठेवायचं. सारखं सारखं बघितलं की धरणारं असलं तरी धरत नाही."

"इतका वेळ तुम्हाला धीर कसा धरवतो?"

"सवय आहे मला," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "काही काही गोष्टींसाठी... चालतं थांबलेलं."

घाईघाईनं विषय बदलायला टिकटिक इकडेतिकडे बघू लागली आणि तेवढ्यात तिला चिमट्यांची खोकी दिसली. काचेला लागून, थेट उन्हात.

"हे काय! उन्हात ठेवलेत तुम्ही? तरी म्हटलं! माल तापला, कडक झाला, मोडला. सापडली चूक!"

कलमवाला खोक्यांकडे बघत राहिला. "माझ्या लक्षातच आलं नाही," तो मनापासून ओशाळून म्हणाला आणि तिथल्या तिथे एकेक खोकं उचलून सावलीतल्या कोठीत नेऊ लागला. निघताना तिच्या पिशवीचा बंद तुटला, तर तिनं सोबत नव्यानं आणलेल्यातला एक चिमटा घेऊन त्यानं तो बंद असा बसवला की वाटावं, तो मुळातच तसा होता.

"घ्या. तुमचा माल, तुमच्याच कामाला."

त्या संध्याकाळीच तिनं साहेबांना कळवून टाकलं, की मालात दोष नाही, रोपवाटिकेनं चिमटे उन्हात ठेवले होते. एका फेरीत निकाल! आणि तरीही पुढच्या सुट्टीला ती पुन्हा तिकडे गेली. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. कलम शिकायचंय म्हणे! आता हात बसला होता, पण कलमवाल्याला दर वेळी नवीन चूक सापडायची आणि ती दाखवायला त्याला तिच्या बोटांवर बोटं ठेवावी लागायची. तीही मुद्दाम चुकायची. एकदा ताई गाडीनं तिला न्यायला आली आणि तुषारांत भिजत त्याच्याशी गप्पा मारत बसली. परतीच्या वाटेवर ती नुसती गालात हसत राहिली.

मग एके दिवशी त्याचा फोन आला. आवाज नेहमीचाच, पण मधला ओलावा कुणीतरी पुसून घेतल्यासारखा.

"तुमच्या साहेबांचं पत्र आलं. चूक आमची आहे म्हणे. आम्हाला माल सांभाळता येत नाही."

"अहो, ते... मी फक्त..."

"आत्या फार दुखावली. तिनं एवढी वर्षं रोपं सांभाळलीत, मॅडम. पुढचा माल नको म्हणाली." थोडं थांबून तो म्हणाला, "माझं काही नाही. ऊन मी दिलं होतं, हे खरंच आहे." आणि फोन ठेवला.

मॅडम! इतके दिवस तो 'अहो' म्हणत होता. चिमट्याचं काम गेलं, आता रंगाची कंपनी, दुसरं शहर. आधी ज्याचं काही वाटलं नव्हतं, तेच आता नको नको झालं. तिकडे तुषार पडतील, शेंडे कापले जातील आणि आपण लांब कुठेतरी रंगाचे डबे ढवळत असू. तिला तो हवा होता. इतकं सरळ होतं ते, आणि कळायला एवढा उशीर झाला होता.

ती निघायला उठली, खुंटीवरून पिशवी काढली. कट्! पिशवी धपकन खाली पडली.

टिकटिक जागच्या जागी थिजली. तिनं बंदावरचा मोडका चिमटा उचलला. ही पिशवी काचघराच्या उन्हात कधी राहिली नव्हती. रोज याच थंड खोलीत, याच खुंटीवर लटकत होती. मग?

ती पिशवी तशीच जमिनीवर टाकून सूक्ष्मदर्शकाकडे धावली. आज बनलेल्या चिमट्याचा पातळ काप आणि मोडक्याचा काप, एकाशेजारी एक. दोन्हींत तीच मोजकी, मोठमोठी स्फटिकांची फुलं, एकमेकांना टेकलेली. पण मोडक्यात फुलांच्या आरपार बारीक तडे गेले होते. माल साच्यातून निघाला तरी त्याचं काम संपलं नव्हतं. खोक्यात, खिशात, खुंटीवर तो गुपचूप आणखी स्फटिक धरत होता, आतल्या आत कडक होत होता. उन्हानं फक्त घाई केली. आणि ही बया प्रत्येक खेप गरम गरम तपासून पास करत बसली होती! एकाही चिमट्याला तिनं चार दिवस ठेवून बघितलं नव्हतं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, चूक त्यांची नाही. माझी आहे." तिनं सगळं सांगितलं आणि पुन्हा पत्र पाठवायला लावलं. साहेबांनी चष्मा पुसला. "शेवटची एक खेप करून बघ. आणि या वेळी..."

"ठेवून बघते," ती म्हणाली.

शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कम पावडरीतल्या पांढऱ्या दगडाची, अगदी बारीक पूड तिनं मालात मिसळली, म्हणजे स्फटिकांना धरायला जागोजाग ठिकाणं मिळतील. मोजक्या मोठ्या फुलांऐवजी असंख्य बारीक फुलं साच्यातच धरतील आणि मागाहून धरायला फार काही उरणार नाही. पूड जास्त झाली, तर चिमटा काडीसारखा मोडला. मग चिमटा लवचिक व्हावा म्हणून लिंबातल्या आंबटापासून बनवतात ते पातळ तेल घालून बघितलं. ते जास्त झालं, तर चिमटा असा मऊ पडला की पकडेचना. दोन्हींचं जमेपर्यंत तिच्या केसांना शंखजिऱ्यानं म्हातारपण आणलं. जमलेली खेप तिनं खणात ठेवली आणि स्वतःच्या हातानं कुलूप लावून किल्ली साहेबांना दिली. स्वतःवर तिचा विश्वास नव्हता, हे एका परीनं बरंच झालं.

मग ती रोपवाटिकेत गेली. आत्या पाटावर बसून रोपं निवडत होत्या.

"आत्या, मी चुकले. न बघताच तुम्हाला बोल लावला." पुढचं पाठ केलेलं सगळं ती विसरली. डोळे भरून आले.

आत्यांनी तिला खाली बसवलं. "पत्र मिळालं ग दुसरं. चुकलं ते कळलं, झालं तर. पण लाडानं माल घेणार नाही हां मी! एक रांग देते. तुझे चिमटे ठेवणीतले वापरायचे, ताजे नाहीत. सगळ्या कलमांचा जोड धरेपर्यंत ते टिकले तर पुढचा हंगाम तुझा. एवढ्यातेवढ्यात मोडले तर आपले जुने प्लास्टिकचेच बरे."

कलमवाला मागे उभा होता. "आणि मॅडम," तो म्हणाला, "तोवर उघडून बघायचं नाही."

"मॅडम म्हणणार असाल तर बघणार."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "बरं, अहो... बघायचं नाही."

महिनाअखेर जवळ येत होती आणि टिकटिक, जिला भात शिजेपर्यंत दम निघत नसे, ती वाट बघत होती. खणातले चिमटे बाहेर आले, यंत्रात टिकले. मग ते रांगेवर चढले, दोघांनी मिळून कलमं बांधली आणि रांग अंधाऱ्या दमट खोलीत गेली. खोलीच्या दाराशी बाकावर बसून दोघं डब्यातलं खायची. ती दाराकडे बघायची, तो तिच्याकडे.

"आज उघडू या?"

"नाही."

"जरासं? फटीतून?"

"तुम्ही ना, लग्नाची मुलंही अशीच बघता म्हणे. कप अर्धा व्हायच्या आत नापास!"

टिकटिक ताडकन वळली. "हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या ताईंनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्या दिवशी आल्या होत्या ना... म्हणून मग मी काही बोललोच नाही."

"काय बोलायचं होतं?"

"खोली उघडली की सांगतो."

आणि तो खरंच बोलला नाही. दुष्ट माणूस!

खोली उघडायच्या दिवशी आत्या, साहेब, ताई सगळे जमले. ताईचं तिथे काय काम होतं ते कुणीच विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा आतून ओल्या पानांचा वास आला. रांगेतली रोपं ताठ उभी होती. आत्यांनी चष्मा चढवला आणि एकेक रोप वाकवून बघू लागल्या. चिमटा दाबायच्या, उघडायच्या, पुन्हा लावायच्या. टिकटिकनं श्वास रोखून धरला होता. कट् असा आवाज येईल, आत्ता येईल... तिचे कान दुखायला लागले. रांगेच्या टोकाला तिनं बांधलेलं एक कलम याही वेळी वाकडं झालं होतं. आत्यांनी तेही दाबून बघितलं. चिमटा उघडला, मिटला. आत जोड धरलेला होता, हिरवा आणि जाड.

"वाकडं आहे," आत्या म्हणाल्या, "पण जगेल. साहेब, पुढचा हंगाम पाठवा माल." मग त्यांना अचानक साहेबांना गुलाबाचे वाफे दाखवायची आठवण झाली. ताईलाही गुलाबांत भलताच रस निर्माण झाला. बघता बघता तिथे दोघंच उरली.

नळ्यांतून तुषार सुटले. कलमवाला वाकड्या कलमापाशी उभा होता. कानामागे पुन्हा एक पान.

"रंगाच्या कंपनीला... कळवलंत?" त्यानं विचारलं.

"कळवलं. सकाळीच."

त्याचा चेहरा पडला. "सकाळी? म्हणजे निकाल लागायच्या आधीच... काय कळवलंत?"

"येत नाही म्हणून."

तो बघतच राहिला. "अहो, पण चिमटे मोडले असते तर?"

"तर दुसरं काम शोधलं असतं. याच गावात." टिकटिकनं हात वर करून त्याच्या कानामागचं पान काढलं आणि हात तिथेच राहू दिला. "खोली उघडली की सांगणार होता ना? उघडली."

त्याचे कान लाल झाले, मग गाल. पहिल्या दिवशी जिन्यात झाले होते तसेच.

"त्या दिवशीच आवडली होतीस मला," तो म्हणाला. "एका पायावर उभी होतीस. लगेच विचारलं असतं तर नापास झालो असतो. म्हटलं, थांबावं... ठेवून बघेल कदाचित."

"ठेवून बघितलं," ती म्हणाली. "चिडवून बघितलं, बोल लावून बघितलं, रडवून बघितलं..."

"रडलो नाही मी."

"मी रडले. एकच झालं ते."

"मग?" त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "निकाल?"

टिकटिकला आयुष्यात पहिल्यांदाच निकाल द्यायची घाई नव्हती. पापण्यांवर थेंब जमत होते, तिचा हात त्याच्या हातात होता आणि हे असं किती वेळ चाललं तरी तिची हरकत नव्हती.

"कुठेही तडा नाही," ती म्हणाली.

बाहेरून ताईनं हाक मारली, "टिकटिक, निघायचं ना ग?"

"थांब जरा!" तिनं आतून ओरडून सांगितलं, आणि बाहेर ताईनं आत्यांच्या हातावर टाळी दिली.